चिप खरी, पण कागद?

भारतात १ एप्रिल २०२४ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या ई-पारपत्रातील चिपवर शासनाची डिजिटल स्वाक्षरी असते. त्यामुळे छायाचित्र बदलून परक्या नावाने प्रवास करण्याचा जुना धंदा अवघड होईल, हे निर्विवाद. माहिती दुरून चोरली जाण्याची भीती मात्र अतिरंजित वाटते. चिप उघडणारी किल्ली पारपत्र क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतसमाप्तीची तारीख यांतून तयार होते. (अर्थात, हे तिन्ही तपशील असलेली छायाप्रत आपण हॉटेलांत बिनदिक्कत देतो!) धोका अन्यत्र आहे. स्वाक्षरी फेरफार झाला नसल्याची ग्वाही देते. नोंद मुळात खरी असल्याची नव्हे. बनावट जन्मदाखल्यावर मिळवलेले पारपत्र चिपमुळे उलट अधिकच विश्वासार्ह ठरेल. जन्मदाखल्यांची छाननी आणि पोलीस पडताळणी यांकडे सरकारने चिपइतकेच लक्ष पुरवायला हवे.