उपग्रहाचा फोटो म्हणजे सातबारा नव्हे

२६ एप्रिल २०१२ ला श्रीहरिकोट्याहून 'रिसॅट-१' हा उपग्रह सोडला. वजन १८५८ किलो, आणि आपल्याच देशात बनवलेला हा पहिला रडार उपग्रह. पेपरात आलं की याला ढगातून दिसतं, रात्रीही दिसतं. तेव्हापासून बैठकीत दोन प्रश्न येतात. कुणी विचारतं, आता फॉरेस्टवाले आभाळातूनच आमचं 'अतिक्रमण' मोजणार काय? दुसरा म्हणतो, एवढं दिसतंय तर मग आमचा दावा मंजूर का होत नाही? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आजवर वनहक्काच्या दाव्यांत जे उपग्रहाचे फोटो वापरले ते साध्या कॅमेऱ्याचे. त्याला ऊन लागतं, आभाळ मोकळं लागतं. आपल्या गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरात जून ते सप्टेंबर आभाळ मोकळं असतं कधी? मग फोटो निघतो जानेवारीत नाहीतर एप्रिलात. तोवर नाचणी, वरी निघून खळ्यावरनं घरात गेलेली असते. रानात वाळलेलं गवत, नाहीतर नुसती ढेकळं. कार्यालयात बसलेला माणूस तो फोटो बघतो आणि शेरा मारतो: 'सन २००५ मध्ये लागवड दिसून येत नाही.' अरे बाबा, पावसाळी शेती उन्हाळ्यात कशी दिसंल?

दुसरी गोष्ट मापाची. आपल्या उपग्रहांचा बराच वापरला गेलेला कॅमेरा जमिनीचे जे ठिपके पाडतो त्यातला एक ठिपका २३.५ मीटर लांब, तेवढाच रुंद. हिशेब करा, साधारण साडेपाच गुंठे झाले. म्हणजे दहा गुंठ्यांचा वरीचा तुकडा दोन ठिपक्यांत संपला. त्यात बांधावर फणस, आंबा, हिरडा असला की ठिपका हिरवा. आणि हिरवा म्हणजे 'वन'.

रडारचं काम वेगळं आहे. ते स्वतःच लहरी खाली सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतं. दरीत हाक मारल्यावर समोरच्या कड्यावरनं आवाज येतो, तसंच. म्हणून त्याला ऊन नको, आणि ढग आडवा येत नाही. चिखलणी करून पाणी साठवलेलं भाताचं खाचर त्याला काळं दिसतं, कारण सपाट पाण्यावरनं लहरी दुसरीकडेच निघून जातात. पुढं भात वाढलं की तेच खाचर उजळत जातं. पंचगंगेचा पूरही असाच दिसतो. २००५ च्या पुरात आभाळ गच्च होतं, तेव्हा असं यंत्र आपलं असतं तर कुठल्या गावात किती पाणी चढलंय ते पाऊस थांबायच्या आधी कळलं असतं. हे चांगलंच आहे. विज्ञानाला विरोध म्हणून आम्ही हे लिहीत नाही.

पण डोंगरात याचीही गडबड होते. रडार वरून सरळ बघत नाही, तिरपं बघतं. त्यामुळं त्याच्याकडं तोंड केलेला उतार चेपून पांढरा पडतो आणि कड्यामागचा उतार सावलीत जाऊन काळा. नकाशावर उंचीची माहिती घालून हे बरंचसं सरळ करता येतं, पण सावलीत गेलेलं रान गेलंच. रिसॅटच्या लहरीची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास होती. ती झाडाच्या वरच्या पानाफांद्यांतच अडकायची, खालच्या नाचणीपर्यंत पोचत नव्हती. १ मीटरपर्यंतचं बारीक चित्रही ते काढू शकत होतं, पण तेव्हा एका वेळी जेमतेम १० किलोमीटरचा पट्टा. मोठा मुलूख झाकायचा तर ठिपका परत २५ मीटरवर, म्हणजे सव्वासहा गुंठ्यांवर यायचा.

यापुढं धोका आहे तो वेगळाच. उद्या कुणीतरी २००५ चा कॅमेऱ्याचा उन्हाळी फोटो आणि आजचं रडारचं पावसाळी चित्र शेजारी ठेवील आणि म्हणेल, बघा, तेव्हा शेती नव्हती, आता आहे, म्हणजे हे नवीन अतिक्रमण. यंत्रं दोन, हंगाम दोन, आणि निष्कर्ष एक! कायद्याची तारीख १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी भारताचा एकही रडार उपग्रह आभाळात नव्हता. २०१२ चं यंत्र मागं वळून बघू शकत नाही. युरोपचे, कॅनडाचे होते, पण त्यांची चित्रं कुठल्या दाव्याला जोडलेली आम्ही तरी पाहिली नाहीत.

आपल्या जिल्ह्यात आदिवासी थोडे, डोंगरात बहुतेक धनगरवाडे. सरकार त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' धरतं आणि तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतं. २००५ मधून ७५ वजा केले की १९३० येतं. १९३० साली इथं करवीर संस्थान होतं, विशाळगड-बावड्याची जहागिरी होती. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उडाला १९७२ ला, आपला आयआरएस १९८८ ला. १९३० ची वहिवाट कुठल्या उपग्रहानं पाहिली? ती पाहिली देवळानं, थडग्यांनी, जुन्या बांधानं, आणि म्हाताऱ्यांनी. कागद असला तर तो संस्थानी दप्तरात असेल. कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात चराईची, फाळ्याची नोंद शोधायला दोन शिकलेली पोरं बसवली पाहिजेत. त्याला उपग्रहापेक्षा खर्च कमीच येईल!

आणि कायदा काय म्हणतो? नियम १३ मध्ये उपग्रहाचं चित्र हा अनेक पुराव्यांतला एक आहे. त्याच नियमात घर, बांध, ताली आहेत, वडीलधाऱ्यांचा जबाब आहे. सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीनं तर स्पष्टच केलं की उपग्रहाचं चित्र दावेदाराच्या पुराव्याला जोड म्हणून वापरायचं, बाकीचे पुरावे बाजूला सारून तोच एकमेव पुरावा धरायचा नाही. गुजरातेत असेच हजारो दावे फोटो दाखवून उडवले होते. 'आर्च' संस्था हायकोर्टात गेली आणि मे २०१३ मध्ये निकाल लागला: नुसत्या उपग्रहाच्या चित्रावर दावा फेटाळता येत नाही, पुन्हा तपासा. नर्मदा जिल्ह्यातल्या गावकऱ्यांनी आणखी एक केलं. स्वतः जीपीएस घेऊन प्लॉटच्या कडेनं चालले आणि ती रेघ जुन्या फोटोवर बसवून दाखवली. फोटोला घाबरले नाहीत, फोटो मागून घेतला.

आपणही तेच करायचं. दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं आणि त्यात उपग्रहाचं नाव काढलं असेल, तर मुदतीत अपील करा, मुदत ६० दिवसांची आहे. सोबत माहिती अधिकारात लेखी मागा: चित्र कुठल्या उपग्रहाचं, कुठल्या तारखेचं, ठिपका किती मीटरचा, आणि प्लॉटची हद्द त्यावर कुणी, कशी बसवली. ग्रामसभेला चित्राची प्रत फुकट मिळाली पाहिजे, ही मागणी प्रांत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं आपण लावून धरतोच आहोत. तारीख फेब्रुवारी ते मेची निघाली तर त्याच कागदावर लिहा, की आमचं पीक जून ते नोव्हेंबर असतं. खाली वनहक्क समितीच्या सह्या, अंगठे घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरनं हलू नका.