घराचा विमा आणि पुराचे कलम

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ल्याच्या आमच्या खोलीत कमरेइतके पाणी होते. विमा काढलेला, म्हणून आम्ही निर्धास्त! पॉलिसीचा कागद उघडला तेव्हा आठवले, हप्त्यात थोडी सूट मिळावी म्हणून वादळ-पुराचे कलम आम्हीच वगळून घेतले होते. दिवसभर दुसऱ्यांचे कागद तपासणाऱ्या कारकुनाची ही गत. शिलाई मशीन, धान्य, मुलांची पुस्तके, सारे पदरमोड करून पुन्हा घेतले.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांची ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तीत पूर धरलेलाच असतो. मात्र बंधू-भगिनींनो, विम्याची रक्कम बांधकामखर्चावर ठरते, जागेच्या बाजारभावावर नव्हे. घराचा विमा काढला की सामानालाही त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांचे संरक्षण मिळते. दागिन्यांसाठी वेगळे कलम घ्यावे लागते. डब्यातल्या रोख पैशाला संरक्षण नाही. भाडेकरूंना नुसत्या सामानाचाही विमा काढता येतो.

पाणी शिरलेच, तर आवरायला घेण्याआधी फोटो काढा, कंपनीला ताबडतोब कळवा आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भिजलेले सामान फेकू नका.