उशाशी बसलेल्यांचं काय?
परळला टाटा रुग्णालयाबाहेर रिपोर्टची फाइल पोटाशी धरून बसलेल्या बाईला येणारा-जाणारा पेशंटची तब्येत विचारतो. ती स्वतः कधी जेवली, हे मात्र कुणी विचारत नाही.

एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न या संशोधकांनी २००४ मध्ये दीर्घ आजारी मुलांच्या आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सांभाळण्याची वर्षं जितकी जास्त, तितकी त्यांच्या पेशींतल्या गुणसूत्रांची टोकं आखूड आढळली. ही झीज म्हणजे पेशींच्या म्हातारपणाची खूण. हा नुसता मनाचा थकवा नव्हे!

म्हणूनच ‘धीर धर’ म्हणून भागत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्णासोबत नातेवाइकालाही आसरा मिळतो. मदत अशी हवी. भावाने नुसता फोन न करता दोन रात्री उशाशी बसावं. आणि मध्यरात्री जीव घाबरला, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही.