न फिटलेल्या देण्यांच्या गोष्टी

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत घरात चौदा-पंधरा वर्षांची चार मुले एकत्र जमली, की रात्री दिवा मालवल्यावर भुताच्या गोष्टीचा आग्रह सुरू होतो. गिरगावच्या चाळीत तो होत असे. परळ-लालबागच्या नव्या इमारतींच्या विसाव्या मजल्यावरही तो होतो. वडीलधारी मंडळी अशा वेळी बहुधा दोनांपैकी एक गोष्ट करतात. ‘असले काही नसते, झोपा आता’ असे म्हणून विषय मिटवतात, नाही तर मुलांना मोबाइलच्या स्वाधीन करतात. मोबाइलवर मुले जे पाहतात त्यात किंकाळ्या पुष्कळ असतात आणि गोष्ट थोडी. तिसरा मार्ग आहे तो गोष्ट पारखून, निवडून, स्वतः सांगण्याचा. त्यासाठी आधी या गोष्टींचे मर्म वडीलधाऱ्यांना उमगलेले असावे लागते.

या वयात ही ओढ लागण्याला कारण आहे. लहान मुलाला आपले घर उजेडाने भरलेले वाटते. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या ध्यानात येऊ लागते, की येथेही काही गोष्टी दार लोटून बोलल्या जातात: काकांचा वेगळा झालेला वाटा, आत्याचे अडकलेले पैसे, ज्याचे नाव कोणी काढत नाही असा एखादा जुना भागीदार. विचारले तर उत्तर मिळत नाही. भुताची गोष्ट त्याला सांगते, की दडवलेले काहीतरी असते आणि ते कधीतरी वर येते. मुलाला त्या भयाचा अर्थ हवा असतो.

हा अर्थ उलगडणारी एक जुनी कथा श्वेतांबर परंपरेतील महावीरचरित्रात आहे. हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’च्या दहाव्या पर्वात ती येते. धनदेव नावाचा व्यापारी ५०० गाड्यांचा तांडा घेऊन वेगवती नदीपाशी आला. गाड्या पात्रात रुतल्या. त्याच्या एका बलवान बैलाने त्या पलीकडे ओढून नेल्या आणि त्या श्रमाने तो कोसळला. व्यापाऱ्याला पुढे जाणे भाग होते. त्याने जवळच्या वर्धमान गावातील लोकांच्या हवाली बैल केला आणि चारापाण्यासाठी पैसेही दिले. लोकांनी पैसे ठेवून घेतले. चारा मात्र घातला नाही. बैल भुकेने आणि तहानेने तडफडून मेला व शूलपाणी नावाचा व्यंतर झाला. गावात महामारी पसरली, हाडांचे ढीग पडले आणि गावाला अस्थिकग्राम हे नाव मिळाले. घाबरलेल्या लोकांनी त्याचे मंदिर बांधले. पण तेथे रात्री मुक्काम करणारा जिवंत राहत नसे. भगवान महावीर त्या मंदिरात एक रात्र राहिले. यक्षाने अट्टहास केला, हत्तीचे, पिशाचाचे, सर्पाचे रूप घेतले, देहाला असह्य वेदना दिल्या. महावीर अविचल राहिले. अखेरीस यक्षाचाच क्रोध शमला आणि त्याने क्षमा मागितली.

भयकथेला लागणारे सर्व काही येथे आहे: ओसाड गाव, अंधारे मंदिर, रूपे बदलणारी छाया. परंतु कथेचे मूळ त्या मंदिरात नसून गावाने गिळलेल्या ठेवीत आहे. ठेव ठेवणारा दूर निघून गेला होता, आणि ज्याच्यासाठी ती ठेवली होती त्याला बोलता येत नव्हते. विचारणारा कोणी नाही, या एका भरवशावर गावाने ती रक्कम पचवली. पेढीच्या भाषेत सांगायचे तर येथे भूत हा धनको आहे आणि भीती ऋणकोला वाटते आहे. भुताच्या बहुतेक चांगल्या गोष्टींत जमाखर्चाची ही एक ओळ कोठेतरी सापडतेच.

इंग्लंडमध्ये १८४३ साली चार्ल्स डिकन्स यांनी ‘अ ख्रिसमस कॅरोल’ लिहिले. त्यातील भूत तर पेढीवरचेच आहे. कंजूस स्क्रूजचा मृत भागीदार मार्ले रात्री त्याच्या समोर उभा राहतो. त्याच्या अंगाभोवती साखळी आहे, आणि त्या साखळीला रोकडीच्या पेट्या, किल्ल्या, कुलुपे व खातेवह्या जोडलेल्या आहेत. ही साखळी आपण जिवंतपणी स्वतःच घडवली, असे तो सांगतो. दुकानात वाढणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

मुंबईत मराठी मुलांच्या हाती छापील भूत आले ते याच सुमारास. शाळांसाठी पुस्तके तयार करण्याचे काम मुंबईत नुकते सुरू झाले होते. त्यात मोठा वाटा असलेल्या सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० साली निघाली. तिची चौकट अनेकांना ठाऊक असते, परंतु तिचा आरंभ सहसा विस्मरणात जातो. एक साधू राजाला रोज एक फळ नेऊन देतो. राजा ते न पाहताच कोठारात पाठवतो. पुढे एक फळ फुटते आणि आत रत्न निघते. आजवरच्या प्रत्येक फळात रत्न होते, हे कळल्यावर राजाला आपल्यावर केवढे ऋण चढले आहे याची जाणीव होते, आणि ते फेडण्यासाठीच तो स्मशानातून वेताळाने व्यापलेले प्रेत आणावयास निघतो. वाटेत वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी न्यायाचा प्रश्न घालतो. ‘वेताळपंचविशी’तील भूत तरुण वाचकाला भिववण्यापेक्षा त्याची परीक्षा अधिक घेते.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८३४ साली, गिरगावाजवळ मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीशहा हे त्यामागचे प्रमुख पुरुष होते आणि व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर लाग बसवून त्याचा खर्च चालवला. अस्थिकग्रामच्या लोकांनी जे केले नाही, ते येथील व्यापाऱ्यांनी संस्था काढून केले. सी. पी. टँकवरून जाताना शूलपाणीची गोष्ट सांगावी. मुलांना ती तेथे अधिक कळते.

पुढे शहर वाढले आणि त्याची भुतेही वाढली. १८९६ साली मांडवीच्या धान्यबाजारात प्लेगची साथ सुरू झाली. माणसे शहर सोडून पळाली, घरे ओस पडली. त्याच काळात गिरण्यांसाठी कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे परळ-लालबागच्या चाळींत दाटीने राहू लागली. त्यांच्याबरोबर मुंजा, हडळ, खवीस, चकवा, देवचार आणि जखीणही आली. ‘जखीण’ हा शब्द ‘यक्षिणी’पासून आला आहे. म्हणजे शूलपाणीचे कुळ आणि चाळीतील भुतांचे कुळ फार दूरचे नव्हे. कोकणातील या समजुती शाळामास्तरांकडून लिहवून घेतल्या गेल्या आणि त्या टिपणांवरून एन्थोवेन यांचे लोकसमजुतींवरील पुस्तक १९१५ साली निघाले. चाळीत मात्र त्यांना पुस्तकाची गरज नव्हती. अंधारा जिना आणि लांबलचक व्हरांड्याच्या टोकाचा संडास एवढी सामग्री पुरेशी होती.

या गोष्टींकडे मात्र डोळसपणे पाहिले पाहिजे. हडळ म्हणजे बहुधा बाळंतपणात मेलेली स्त्री. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर लग्नाआधीच गेलेला मुलगा. त्यांचे येणे राहून गेले होते: त्या स्त्रीला वेळेवर औषध मिळाले नाही, त्या मुलाला आयुष्य मिळाले नाही. शूलपाणीच्या कथेत दोष ठेव बुडवणाऱ्या गावाचा आहे, हे स्पष्ट सांगितले जाते. हडळीच्या कथेत मात्र घराची हयगय झाकली जाते आणि मेलेल्या स्त्रीलाच अपराधी ठरवले जाते. अशा गोष्टींचा परिणाम गोष्टीपुरता राहत नाही. एखाद्या विधवेला चेटकीण म्हटले जाते, आजारी सुनेला डॉक्टरऐवजी मांत्रिकाकडे नेले जाते. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो अशाच प्रकारांमुळे. म्हणून घरात गोष्ट सांगण्यापूर्वी एक पारख करावी: यात भूत कोणाला ठरवले आहे, आणि हिशेब कोणाकडे मागितला आहे?

विसाव्या शतकात मुले गोष्ट ऐकण्याऐवजी वाचू लागली. १८९८ साली ठाकुरद्वारी सुरू झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय पुढे दादरला विस्तारले. गल्लोगल्ली लहान वाचनालये निघाली. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी तरुणांना वेड लावले. ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ यांच्या त्या जगात भय पिंपळावरून उतरून गुन्हेगाराच्या मागे गेले. त्यानंतर दोन लेखकांनी भुताला पुन्हा आणले, ते नव्या रूपात. पुण्याचे नारायण धारप (१९२५–२००८) यांचा ‘समर्थ’ हा दुष्ट शक्तींपुढे ज्ञानाच्या आणि मनोबलाच्या आधारे उभा राहतो. मुंबईचे रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) वीसएक वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी करत होते. त्यांच्या गूढकथेतील भय बहुधा शेजारच्या खोलीत, रोजच्या संसारात, माणसाच्या अपराधी मनात दबा धरून असते. वयाचा विवेक त्यांनी कसा राखला हेही पाहण्यासारखे आहे. लहान मुलांसाठी त्यांनी ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण रंगभूमीवर आणली आणि मुलांना तिच्यावर हसवले. ‘खेकडा’सारख्या संग्रहांतील कथा त्यांनी जाणत्या वाचकांसाठी राखून ठेवल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि असंख्य कामगार आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले. बंद गिरण्यांभोवती भुताटकीच्या वार्ता जमणे स्वाभाविक होते. कुलाब्याच्या मुकेश मिलविषयी त्या आजही सांगितल्या जातात. त्या भागातील मुलाला रिकाम्या गिरणीत भूत असल्याचे सांगितले, तर त्याला क्षणभर गंमत वाटेल. तेथे काम करणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे सांगितले तर त्याला झोप उशिरा लागेल. पण ती जाग त्याच्या उपयोगाची आहे.

२०१८ साली आलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट धारपांच्या ‘आजी’ या कथेचा धागा घेऊन पुढे जातो. २०२४ साली तो पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा तरुणांनी पहिल्या वेळेपेक्षा अधिक गर्दी केली. लहान मुलांना दाखवावा असा तो नाही. त्यातील गाभा मात्र व्यापारी घराने विचारात घ्यावा असा आहे. बाप एका शापित ठिकाणाहून सोन्याची नाणी चोरून आणतो आणि पुढे तीच विद्या आपल्या मुलाला शिकवतो. शेवटी त्याच हव्यासापायी बापाची दशा होते आणि तो लुटलेले सोने मुलापुढे धरतो. मुलगा ते घेत नाही. वारसा म्हणजे फक्त मालमत्ता नव्हे, तिच्यावरचा बोजाही तिच्याबरोबर येतो, हे त्या मुलाला बापापेक्षा लवकर कळलेले असते.

तेव्हा घरातील मोठ्यांनी काय करावे? दहा वर्षांखालील मुलांना भीती घालून जेवू किंवा झोपू घालणे सोडावे. त्यांच्यासाठी हसवणारी चेटकीण पुरेशी आहे. पुढच्या वयाला शूलपाणी, वेताळ आणि मार्ले खुशाल सांगावेत. चौदा वर्षांनंतर धारप-मतकरी हाती द्यावेत. मात्र कथा आधी स्वतः वाचलेली असावी. एका रात्री एकच गोष्ट सांगावी, आणि ती संपल्यावर लगेच दिवा मालवू नये. ‘यात कोणाचे देणे राहिले होते? ते फेडता आले असते का?’ एवढे विचारावे आणि मुलांना बोलू द्यावे.

एखादे चुणचुणीत मूल मग उलट विचारील: ‘आपल्याकडे कोणाचे देणे राहिले आहे का?’ तेथे गोष्ट सांगणाऱ्याची परीक्षा सुरू होते. घरोघर असे काही ना काही असते: विश्वासाने ठेवलेली पण परत न गेलेली एखादी रक्कम, निघून गेलेल्या जुन्या गुमास्त्याचा अर्धवट राहिलेला हिशेब, बहिणीला द्यायचा राहिलेला वाटा. ‘मिच्छा मि दुक्कडं’ संवत्सरीला सर्वांनाच म्हटले जाते. पण ज्याचे देणे आहे त्याच्या दारी रक्कम घेऊन जाणे फार थोड्यांकडून होते. मुलाचा प्रश्न आला तर त्याला खरे उत्तर द्यावे, आणि जमले तर ते देणे फेडायला जाताना त्यालाही बरोबर न्यावे. ‘झोपा आता’ हे त्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.