चेहऱ्याच्या जागी चाळणी

आमच्या बहिणीच्या दिवाणखान्यातला सोफा यंदाच्या उन्हाळ्यात तीन दिवस गच्चीवर वाळत पडला होता. करणी आमच्या भाचीची. ती पुण्यात फोटोग्राफी शिकते आणि सुट्टीत मिरजेला घरी आली की घरातली एकही वस्तू जागेवर राहत नाही. या वेळी तिला कॉलेजातून काम मिळाले होते. एखाद्या नामवंत छायाचित्रकाराला गुरू माना, त्याची चित्रे अभ्यासा आणि अतिवास्तव, म्हणजे ही मुले ज्याला सर्रिअल म्हणतात, तसले पाच फोटो काढून आणा.

तिने गुरू निवडला फिलिप हॅल्समन. १९४८ साली या गृहस्थाने न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत चित्रकार साल्वादोर दाली याचा एक फोटो काढला. त्यात दाली हवेत, तीन मांजरे हवेत, बादलीभर पाणी हवेत आणि खुर्चीसुद्धा हवेत. खुर्ची हॅल्समनच्या पत्नीने धरून ठेवली होती, मदतनीस मांजरे आणि पाणी फेकत होते, आणि मनासारखा फोटो मिळेपर्यंत हा खटाटोप २८ वेळा झाला. आमच्या भाचीने मांजरे वगळली, कारण शेजारच्या खालांनी आपली मांजर द्यायला साफ नकार दिला. पाणी मात्र वगळले नाही. धाकटा भाऊ उड्या मारून दमला, बहीण ओरडून दमली, आणि सोफ्याचे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

फोटो छान आला होता. आम्ही कौतुक केले. तीच नाराज. म्हणाली, "मामू, हा हॅल्समनचाच फोटो आहे. फक्त सोफा आपला आहे."

हे ऐकून आम्हाला तेहरानच्या एका विद्यार्थिनीची गोष्ट आठवली आणि आम्ही ती भाचीला सांगितली. वाचकांनाही सांगावीशी वाटते.

शादी गदिरियान हे तिचे नाव. जन्म १९७४चा, तेहरानचाच. तिथल्या आझाद विद्यापीठात ती फोटोग्राफी शिकली. तिचे एक शिक्षक होते बहमन जलाली. १९७९ची क्रांती आणि पुढे इराक-इराण युद्ध ज्यांनी कॅमेऱ्यात धरून ठेवले, तेच हे. तेहरानात अक्सखाना शहर नावाचे छायाचित्रांचे संग्रहालय आहे. उर्दू जाणणाऱ्या घरांत 'अक्स' शब्द समजावून सांगायला नको. आपल्याकडे तो प्रतिबिंबासाठी येतो, फारसीत फोटोलाच अक्स म्हणतात. या संग्रहालयात गदिरियानने काम केले आणि तिथे तिच्या हाताखालून काजार काळातले जुने फोटो गेले.

काजार घराण्यातला नासिरुद्दीन शाह १८४८ ते १८९६ इराणच्या गादीवर होता. त्याला फोटोचे वेड होते. तो स्वतः कॅमेरा चालवी, अगदी जनानखान्यातल्या बेगमांचे फोटोही स्वतः काढी. त्याचे अल्बम तेहरानच्या गुलिस्तान महालात आहेत. त्या काळी शहरात धंदेवाईक स्टुडिओही निघाले. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि झालरी, पुढे ताठ बसलेली माणसे, कारण हलले की फोटो बिघडे. आपल्या जुन्या अल्बममधले आजोबा आठवावेत, मागे रंगवलेला जिना आणि शेजारी तिपाईवर फुलदाणी. बराचसा तोच थाट.

गदिरियानने पदवीच्या शेवटच्या कामासाठी, १९९८च्या सुमारास, या जुन्या छायाचित्रकारांची हुबेहूब नक्कल करायची ठरवली. तसाच रंगवलेला पडदा, तसाच पेहराव, तशाच जाड भुवया, तसाच तपकिरी रंग. समोर उभ्या केल्या त्या ओळखीतल्या आणि घरातल्या बायका. नक्कल इतकी चोख की पहिल्या नजरेला फोटो शंभर वर्षांपूर्वीचा वाटतो. मग नजर खाली उतरते आणि त्या बाईच्या हातात पेप्सीचा डबा दिसतो. दुसरीच्या खांद्यावर भलामोठा टेपरेकॉर्डर. तिसरी झाडझुडीचे व्हॅक्यूम यंत्र धरून उभी. एक सायकलजवळ, एकीच्या डोळ्यांवर काळा चष्मा.

आमच्या मते सगळी गंमत त्या चोख नकलेत आहे. पडदा जरा जरी खोटा वाटता तरी पेप्सीचा डबा नुसता विनोद झाला असता. पण चौकट पक्की जुनी आहे, म्हणून ती एक चुकीची वस्तू घशात अडकते. ही बाई कोणत्या काळात राहते? घर कोणत्या शतकातले आणि ती कोणत्या शतकातली? असले प्रश्न तेहरानमधल्याच मुलीला पडतात असे नाही.

पुढे तिचे लग्न झाले. लग्नात आहेर आला आणि तो बहुतेक स्वयंपाकघराचा. त्या आहेरातूनच तिची पुढची मालिका निघाली, २०००-०१ची. नाव आहे 'रोजच्यासारखेच'. पांढऱ्या भिंतीपुढे फुलाफुलांची चादर घेतलेली एक आकृती. आपल्याकडे चादर अंथरायची किंवा पांघरायची, इराणात बायका ती डोक्यावरून घेतात. बाहेर जाताना बहुधा काळी, घरात अशी फुलांची. चादर नीट आहे, खांदे आहेत, पण जिथे चेहरा असायला हवा तिथे चाळणी आहे. दुसऱ्या फोटोत इस्त्री. मग झाडू, किसणी, किटली, रबरी हातमोजा. एकात सत्तूर.

हे फोटो युरोपात गाजले, मोठमोठ्या संग्रहालयांनी तिचे काम घेतले. तिकडच्या पुष्कळ पाहणाऱ्यांना त्यात एकच गोष्ट दिसली, चादर. बघा, मुसलमान बाईला कसे झाकून ठेवले आहे! आणि इकडे आपल्यातलाही एखादा हे फोटो बघून रागावेल, की चादरीची थट्टा मांडली आहे. दोघेही कापडाकडेच बघत बसले, असे आम्हाला वाटते. आम्ही हे फोटो मोबाइलवर बहिणीला दाखवले. ती आधी खूप हसली. मग सत्तूरवाला फोटो पुन्हा मागून घेतला. बराच वेळ बघून म्हणाली, "हिला चादरीऐवजी साडी नेसवली असती, गाऊन घातला असता, तरी चाळणी चाळणीच राहिली असती की."

एवढे नेमके आम्हाला बोलता आले नसते.

गदिरियानने पुढेही पुष्कळ काम केले. युद्ध सुरू झाले तेव्हा ती शाळकरी वयाची होती. २००८च्या एका मालिकेत तिने घरातल्या फळांच्या ताटात हातबॉम्ब ठेवला, खुंटीवर ओढणीशेजारी शिरस्त्राण टांगले. त्या फोटोंत माणूस कुठेच नाही. पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

हे सगळे ऐकून भाची दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने माळ्यावरची भांडी खाली काढली. बहिणीच्या लग्नातली, १९९६ सालची. परात, हंडा, डबे, तांब्ये. तेव्हा भांड्यावर नाव घालून देण्याची रीत होती, ती वाचकांना आठवत असेल. दुकानातच एक माणूस टकटक करून ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून देई. भाचीने एकेक भांडे उजेडात धरून वाचायला सुरुवात केली. अमक्या मामूंकडून. तमक्या चाचांकडून. पुढे आमच्या मेहुण्यांचे नाव आणि तारीख. तेवीस भांडी झाली. दर वेळी देणाऱ्या पुरुषाचे नाव, घेणाऱ्या पुरुषाचे नाव. जिने ती पंचवीस-तीस वर्षे घासली तिचे नाव एकावरही नव्हते. त्यात आम्ही दिलेली परातही होती. ती भाचीने मुद्दाम मोठ्याने वाचली.

आम्ही काय बोलणार? गप्प बसून चहा प्यालो.

भाचीला आता हेच फोटो काढायचे होते, नाव कोरलेले भांडे चेहऱ्यापुढे धरून. पहिल्यांदा ती नानीकडे, म्हणजे आमच्या अम्मीकडे गेली. अम्मी ऐंशीच्या पुढच्या. त्यांना फोटो मुळीच आवडत नाही. हजच्या पासपोर्टसाठी काढावा लागला तो शेवटचा, आणि तोसुद्धा नाइलाज म्हणून. त्यामुळे इथेच गाडी अडणार, असे आम्ही धरून चाललो होतो.

अम्मींनी सगळे नीट ऐकून घेतले. "चेहरा दिसणार नाही ना?"

"नाही नानी. परात पुढे असेल."

"कुणाची परात?"

"मामूंनी दिलेली."

अम्मींनी आमच्याकडे एकदा पाहिले. मग ओढणी सारखी केली, खिडकीजवळच्या उजेडात खुर्ची ओढायला सांगितली आणि म्हणाल्या, "काढ. पण आधी ती परात चिंच लावून घासून आण. अशी काळी मी हातात धरणार नाही."