यंत्रांच्या सहवासांत : अर्ध्या इंचाची मोकळीक

इंग्लंडांत कॉव्हेंट्रीनजीक राहणाऱ्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांच्या चिरंजीवांनीं १९५१ सालची एक ट्रायंफ ‘स्पीड ट्विन’ मोटरसायकल सुट्या भागांच्या स्थितींत विकत घेतली. इंजिन आणि गिअरबॉक्स सांगाड्यांत चढले आहेत. परंतु त्या दोहोंना जोडणारा सारा संसार, म्हणजे क्लच, सांखळी, स्प्रिंगा, रोलर आणि मूठभर नट, अजून बिस्किटांच्या दोन डब्यांत पडून आहे. बाई लिहितात : “मुलगा म्हणतो, मी स्वतःच जोडतों. मामंजींचें म्हणणें, कारखान्यांत द्यावी. यंत्रांतलें मला कळत नाहीं. पण रस्त्यावर तो जाणार आहे, तेव्हां त्याला काय विचारावें एवढें तरी मला कळलें पाहिजे.”

उत्तर आधींच देऊन टाकतों. चिरंजीवांस जोडूं द्यावें. हें काम अवघड नाहीं, किचकट आहे. त्यांत बळाचा उपयोग थोडा आणि क्रमाचा फार. मात्र यंत्र म्हटलें म्हणजे सारें घट्ट आवळावयाचें, अशी नवशिक्याची समजूत असते. या भागांत कांहीं नट जिवापाड आवळावयाचे असतात हें खरें. पण कांहीं ठिकाणीं कारागिरानें जाणूनबुजून मोकळीक ठेविलेली आहे, आणि अपघात होतात ते बहुधा तेथेंच. मातोश्रींचे प्रश्नहि त्या जागांविषयींच असावेत.

प्रथम यंत्राची ओळख. ‘स्पीड ट्विन’ १९३७ सालीं निघाली. एडवर्ड टर्नर या रचनाकारानें दोन उभे सिलिंडर शेजारीं शेजारीं बसवून ४९८ घनसेंटिमीटरचें असें आटोपशीर इंजिन केलें कीं, महायुद्धानंतर इंग्लंडांतील इतर कारखान्यांनींहि तोच मार्ग धरला. कॉव्हेंट्रींतील मूळ कारखाना १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन बाँबवर्षावांत उद्ध्वस्त झाला. पुढें १९४२ सालीं जवळच्या मेरिडन गांवीं नवा उभा राहिला आणि तो १९८३ पर्यंत चालला. म्हणजे पत्रांतील गाडी आपल्या जन्मगांवाच्या शेजारींच परत आली आहे म्हणावयाची!

आतां क्लच म्हणजे काय तें पाहूं. इंजिनाच्या शाफ्टवर २२ दांत्यांचें चाक आहे आणि त्याच्या मागें, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, ४३ दांत्यांचा ड्रम. दोहोंवरून एकपदरी सांखळी फिरते. इंजिनाचे सुमारें दोन फेरे झाले कीं ड्रमचा एक होतो. (ही रोलरची सांखळी हान्स रेनोल्ड या जन्मानें स्विस असलेल्या गृहस्थानें मँचेस्टर येथें १८८० सालीं सिद्ध केली, आज जगांतील प्रत्येक सायकल त्याची ऋणी आहे.) ड्रमच्या पोटांत पापडांच्या चळतीप्रमाणें तबकड्या रचलेल्या असतात. एक घर्षणाची, एक साध्या पोलादाची, पुन्हां एक घर्षणाची, असा क्रम. घर्षणाच्या तबकड्यांचे कान ड्रमच्या खांचांत अडकतात. पोलादी तबकड्या आंतील हबला धरून असतात. चार स्प्रिंगा ही चळत दाबून ठेवितात, म्हणून ड्रम फिरला कीं हबहि फिरतो. डाव्या मुठीजवळचा दांडा ओढला म्हणजे गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून जाणारा एक बारीक रॉड चळतीवरील दाबपट्टी बाहेर ढकलतो. पापड सुटे होतात, इंजिन चालत राहतें आणि गाडी उभी राहूं शकते.

डबा उघडल्याबरोबर त्यांत फुंकर मात्र मारूं नये. त्या काळच्या घर्षणतबकड्यांवर कधीं बुचाचे तुकडे असत, तर कधीं ॲस्बेस्टॉसयुक्त अस्तर असे. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांत गेली तर वर्षानुवर्षांनीं प्राणघातक रोग जडतात. ब्रिटननें पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरहि १९९९ सालीं बंदी घातली. जुन्या तबकड्या ओल्या फडक्यानें उचलून पिशवींत बंद कराव्या, नियमाप्रमाणें त्यांची विल्हेवाट लावावी आणि नव्या, ॲस्बेस्टॉसविरहित, घ्याव्या. या एका बाबतींत मीं काटकसरीचें कौतुक करणार नाहीं. हें काम स्वयंपाकघरांतील मेजावर करूं नये, हें सांगणें न लगे.

दुसरी सूचना पान्यांची. आजचे मिलिमीटरी पाने या गाडीस लागत नाहींत. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं आट्यांचें जें प्रमाण घालून दिलें, त्या परंपरेचे पाने हवेत. आणि त्यांवरील आंकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, हें ठाऊक नसल्यास माणूस तासभर डोकें खाजवीत बसतो. “जवळपास बसतो” असा पाना नटाचे कोपरे खाऊन टाकतो.

आतां जोडणी. क्लचचा हब गिअरबॉक्सच्या शाफ्टवर निमुळत्या बैठकीवर, म्हणजे टेपरवर, बसतो. तेथें अर्धचंद्राकृति एक छोटी चावी असते. पुष्कळांस वाटतें कीं सारा भार ती चावी वाहते. तसें नाहीं; भार वाहतो तो टेपर, चावी केवळ जागा दाखविते. टेपरवर तेलाचा अंश राहिला किंवा तो खरवडलेला असला, तर हब सरकतो, चावी कापली जाते आणि शाफ्टचा नाश होतो. शाफ्ट मिळणें आज सोपें नाहीं. म्हणून दोन्ही पृष्ठें कोरडीं, स्वच्छ करून, संशय वाटल्यास बारीक घासमलम लावून हब त्याच्या जागेवरच हलक्या हातानें घासून बसवावा आणि मलमाचा कण न् कण पुसून काढावा. येथला नट मात्र खरोखर आवळावयाचा. गाडी वरच्या गिअरमध्यें घालून घरांतील कोणी मागचा ब्रेक दाबून धरला म्हणजे शाफ्ट फिरत नाहीं. हें काम वहिनींनीं करावें कीं धाकट्या भावानें, तें घरचें घरीं ठरवावें.

ड्रम २० रोलरांवर फिरतो. ते ग्रीसनें चिकटवून बसवितात. येथें एक गोम आहे. या रोलरांची लांबी त्यांच्या जाडीपेक्षां किंचित् कमी असते. दुकानांतून पाव इंच जाडीचे आणि पाव इंचच लांबीचे रोलर आणले, तर ते दिसण्यांत तंतोतंत, पण ड्रम बाजूनें दाबला जातो. मग क्लच ओढला तरी गाडी पुढें रेटत राहते आणि दोष तबकड्यांना दिला जातो! तबकड्या घालण्यापूर्वीं ड्रम बोटानें फिरवून पाहावा. तो निर्वेध फिरला पाहिजे. हा मातोश्रींचा पहिला प्रश्न.

स्प्रिंगांच्या चारहि पिना मागच्या बाजूनें घालावयाच्या असतात. सर्व बसवून झाल्यावर ही आठवण झाली तर पुनश्च हरिः ॐ. तबकड्यांचा क्रम वर सांगितलाच. आरंभ घर्षणाच्या तबकडीनें, शेवट पोलादीनें. स्प्रिंगांचे नट सारखे आवळले आहेत हें फेरे मोजून कळत नाहीं, कारण चारहि स्प्रिंगा एकसारख्या थकलेल्या नसतात. क्लच ओढून धरावा, दुसऱ्यानें किक हळूहळू दाबावी आणि दाबपट्टी फिरतांना डोळ्यांनीं पाहावें. ती जात्याच्या खुंट्याला धक्का लागल्यागत डुलत असेल, तर ज्या बाजूस ती कमी उचलते तेथला नट थोडा सैल करावा. पट्टी सपाट फिरेपर्यंत हें चालूं द्यावें. या अर्ध्या तासाला पर्याय नाहीं, आणि घाईच्या कारखान्यांत तो कोणी देत नाहीं. म्हणूनच मीं मामंजींच्या विरुद्ध मत दिलें.

इंजिनाच्या शाफ्टवरील चाक पक्कें नसतें. त्याच्या अंगच्या उंचवट्यांवर तसेच उंचवटे असलेला दुसरा तुकडा बसतो आणि एक जबर स्प्रिंग त्याला दाबते. इंजिनाचा प्रत्येक ठोका त्या उतरणींवर चढून स्प्रिंग दाबतो, म्हणून सांखळीला हिसका बसत नाहीं. १९५३ पासून स्पीड ट्विनवर हें धक्काशोषण क्लचच्या हबमध्यें रबरांकडे गेलें. पण १९५१ च्या गाडीस तें येथेंच आहे. त्यावरील नटाची स्प्लिट पिन नवी घालावी. दोन्ही चाकें एका रेषेंत आहेत कीं नाहींत तें सरळ पट्टी लावून पाहावें.

आणि आतां सांखळी, जिच्यासाठीं हा लेख. सांखळी चढविल्यावर वरच्या पट्ट्याच्या मध्यावर बोटानें वरखालीं हलविली असतां ती अर्धा इंच हलली पाहिजे. नवशिक्याला हें ढिलेपण बघवत नाहीं. तो गिअरबॉक्स मागें ओढून सांखळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणतो आणि समाधान पावतो. पण सांखळी सर्वत्र सारखी झिजत नाहीं. एका जागीं ढिली वाटणारी सांखळी अर्धा फेरा फिरविली कीं तंग लागते. तंग सांखळी दोन्ही शाफ्ट एकमेकांकडे ओढते, आणि ती ओढ बेअरिंगांना दर मिनिटास हजारों वेळां सोसावी लागते. गिअरबॉक्सचें बेअरिंग आधीं आवाज करूं लागतें, मग तेल गाळतें, मग शाफ्ट डुलूं लागतो. उलट फारच ढिली ठेवली तर ती ॲल्युमिनियमच्या चेनकेसला आंतून खरवडते. म्हणून चाक फिरवीत पांच-सहा जागीं मोजावें आणि सर्वांत तंग जागीं अर्धा इंच ठेवावा. गिअरबॉक्सचे बोल्ट आवळले कीं तो कधीं कधीं केसभर सरकतो. तेव्हां आवळल्यावर पुन्हां मोजलें काय, हा दुसरा प्रश्न.

महाराष्ट्रांतील वाचकांनीं हा आंकडा घरच्या बुलेटला लावूं नये. ती गाडीहि मूळची इंग्लंडांतील रेडिचची आणि १९५५ पासून मद्रासला होऊं लागली. परंतु तिचा जुन्या घडणीचा गिअरबॉक्स इंजिनाला मागून बोल्टांनीं जखडलेला, सांखळी दुपदरी आणि ताण आंतील सरकत्या पट्टीनें द्यावयाचा. तिचें माप तिच्या पुस्तकांत पाहावें.

सांखळीचीं दोन टोकें जोडणाऱ्या दुव्यावर एक माशाच्या आकाराची क्लिप असते. तिचें बंद टोक सांखळी ज्या दिशेस धांवते त्या दिशेस हवें. वरच्या पट्ट्यांत पाहिलें तर पुढच्या चाकाकडे. उलट बसविलेली क्लिप निसटूं शकते, आणि मग तुटलेली सांखळी चेनकेसमध्यें अडकून केस फोडते; मागचें चाक जागीं जखडलें तर स्वारहि रस्त्यावर. हा तिसरा प्रश्न, आणि तो विचारून थांबूं नये. झांकण लावण्यापूर्वीं बाईंनीं स्वतः जाऊन ती क्लिप पाहावी. त्यास यंत्रज्ञान लागत नाहीं. मासा कोणीकडे तोंड करून आहे एवढेंच पाहावयाचें.

राहिला रॉड. क्लच न ओढतां रॉडचा दाब पट्टीवर मुळींच असतां कामा नये. केबल मुठीजवळ सुमारें १/८ इंच सैल असावी. तेथें मोकळीक नसली तर स्प्रिंगांचा कांहीं जोर सदैव रॉडवर खर्च होतो, चळत पुरती दाबली जात नाहीं आणि चढावर इंजिन ओरडतें पण गाडी धांवत नाहीं. नव्या तबकड्या पहिल्या कांहीं दिवसांत बसतात तेव्हां ही मोकळीक कमी होते, म्हणून ती पुन्हां पाहावी.

झांकणाखालीं नवें कागदी पॅकिंग घालून चेनकेसमध्यें साधें २० अंशाचें तेल पातळीपर्यंत भरावें. घर्षण कमी करणारीं द्रव्यें मिसळलेलें आधुनिक मोटारीचें तेल येथें नको. ज्या ठिकाणीं घर्षणावरच पोट आहे तेथें तें घसरण आणतें. आणि गिअरबॉक्स मागें सरकविला असल्यास मागची सांखळी तितकीच ढिली झाली असेल, ती नीट करावी लागेल; त्यासाठीं चाक सरकविलें कीं मागचा ब्रेकहि पुन्हां जुळवावा लागेल. पहिल्या शंभर मैलांनंतर पुढच्या सांखळीचें माप परत घ्यावें. मॅग्नेटोविषयीं विचारणा आहे, ती पुढील अंकीं.