चांदीची मिरीदाणी

भारतातून पाहुणे आले की ब्रिटिश म्युझियमची फेरी ठरलेली, आणि ‘आपलं काय काय इथे आणून ठेवलंय?’ हा प्रश्नही. मी त्यांना आधी रोमन ब्रिटनच्या दालनात नेते. तिथे जेमतेम 10 सेंटिमीटर उंचीची चांदीची बाई आहे. तळाशी फिरती चकती: एका खुणेवर बंद, दुसरीवर भरायला मोकळी, तिसरीवर बारीक भोकं. मिरीदाणी! 1992 साली सफोकमधल्या हॉक्सन गावी शेतात हरवलेला हातोडा शोधताना मोठं घबाड लागलं, त्यातली ही. पुरली गेली इसवी सन 407 नंतर. मिरी अर्थात मलबारची.

त्याहून सुमारे 300 वर्षं जुन्या, विंडोलंडाच्या लष्करी ठाण्यातल्या लाकडी पट्टीवर गंबॅक्स नावाच्या सैनिकाच्या नावे मिरीचे दोन दिनारियस मांडलेत. म्हणजे ही मिरी रोख मोजून आलेली. दालनातल्या सगळ्याच वस्तूंबद्दल असं म्हणता येत नाही.

उलट दिशेनेही माल गेलाच. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर यवनांच्या दानाचे लेख आहेत. आमच्या कोल्हापूरच्या आत्या म्हणाल्या, “म्हणजे ह्यांचा देव आपल्याकडं, आपली मिरी ह्यांच्याकडं!”

डब्याच्या वासावरून शाळेत चेष्टा सोसलेल्या माझ्या लेकीने वेगळंच विचारलं: हे लोक मिरी घालायचे कशावर? अॅपिशियसच्या नावावरच्या रोमन पाककृती पाहिल्या तर जवळजवळ सगळ्यावर. मिरी भरून मधात तळलेला खजूरसुद्धा आहे. यंदा तो फराळाच्या ताटात आहे.